वेब ॲप रखडतंय? मोठा सर्व्हर घेण्याआधी कारण कसं शोधायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, चाटी गल्लीतले कापड व्यापारी, मार्केट यार्डातले अडते, गल्लोगल्लीचे क्लासेस आणि दवाखाने. सोलापुरात या सगळ्यांसाठी वेब ॲप करून देणारी मुलं-मुली आता बऱ्याच आहेत. ढाचा बहुतेकांचा सारखाच असतो: पीएचपी किंवा पायथन, मागे डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस आणि भाड्याचा एक व्हीपीएस (आभासी सर्व्हर). सुरुवातीला सगळं झकास चालतं. वर्ष-दीड वर्षानं डेटा साचतो आणि मालकाचा फोन येतो, "काय तर करा ओ, लई स्लो झालंय."

अशा वेळी पहिला सल्ला हमखास मिळतो तो "सर्व्हर मोठा घ्या" हा. माझा याला विरोध आहे. एखादी क्वेरी, म्हणजे ॲपनं डेटाबेसकडे केलेली मागणी, अख्खं टेबल चाळत असेल तर मोठ्या सर्व्हरवरही ती अख्खं टेबलच चाळणार. चार दिवस बरं वाटेल, डेटा वाढला की पुन्हा तोच फोन येईल, आणि मालकाचं दरमहा भाडं मात्र कायमचं वाढलेलं असेल. वेळ नेमका कुठे जातोय हे मोजून काढता येतं. त्याची एक ठरलेली वाट आहे, आणि अनुभव नसलेल्या माणसालाही ती जमते.

उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएलची घेतली आहेत, कारण आपल्याकडे तेच जास्त सापडतं. पोस्टग्रेसमध्ये वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर एसएसएचनं (लांबून कमांड चालवण्याच्या सोयीनं) शिरण्याची परवानगी. नुसत्या कंट्रोल पॅनेलवर फार पुढे जाता येत नाही.
- डेटाबेसचा असा युजर, ज्याला सगळ्यांच्या चालू क्वेऱ्या दिसतात आणि सेटिंग बदलता येतात. ॲपचा रोजचा युजर यासाठी पुरत नाही.
- ताजा बॅकअप, आणि तो एकदा दुसरीकडे उतरवून पाहिलेला.
- त्याच बॅकअपवरून केलेली चाचणीची प्रत. त्यातले ग्राहकांचे मोबाइल नंबर आणि नावं बदलून टाका.
- क्रोम किंवा फायरफॉक्स.
- एक साधी शीट: तारीख, स्क्रीन, आधीचा वेळ, काय बदललं, नंतरचा वेळ.
- मालकाची लेखी संमती. व्हॉट्सॲपवर "हो, करा" आलं तरी चालेल, पण काहीतरी असू द्या.

१. "स्लो" म्हणजे काय ते आधी विचारून घ्या

कोणती स्क्रीन? किती वाजता? सगळ्यांनाच त्रास होतो की एकालाच? कायम होतो की मधूनच? कधीपासून, आणि त्या सुमारास ॲपमध्ये काय बदललं होतं? हे प्रश्न मालकाला विचारू नका, रोज ॲपवर बसणाऱ्या मुनीमजींना किंवा बिलिंगच्या मुलीला विचारा. खरी माहिती त्यांच्याकडे असते.

यातला वेळेचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते त्या दिवसांत लिलाव उरकले की सगळ्यांच्या हिशोबपट्ट्या एकदमच निघायला लागतात. एरवी झटपट चालणारं ॲप तेवढ्याच तास-दोन तासांत अडकत असेल तर दोष बहुधा गर्दीशी निगडित आहे: कुलपं (लॉक, म्हणजे एकाचं काम संपेपर्यंत तीच ओळ दुसऱ्याला बदलता येत नाही), कनेक्शन किंवा प्रोसेसर. उलट, सकाळी सातला एकटाच माणूस बसलेला असतानाही खातेउतारा उघडायला दहा सेकंद लागत असतील तर दोष त्या एका क्वेरीत आहे. एवढ्या एका उत्तरानं निम्मा शोध वाचतो.

मग ती स्क्रीन स्वतः उघडा, लागलेला वेळ शीटवर लिहा आणि पुढे चला. हा आकडा लिहिलेला नसेल तर नंतर काही सुधारलं की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

२. दोष ब्राउझरकडे आहे की सर्व्हरकडे?

एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा. पहिल्या ओळीवर क्लिक करून टायमिंगमध्ये "वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स" किती आहे ते बघा. तो आकडा २०० मिलिसेकंद असेल आणि पान उघडायला आठ सेकंद लागत असतील, तर डेटाबेसला हात लावायचं कारण नाही. चादरीच्या डिझाइनचे चार-चार एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेले असणार. ते लहान करा, काम संपलं.

हे मोजमाप तुमच्या घरच्या फायबरवर नको. ज्या गोडाऊनमध्ये तक्रार आहे तिथे, त्यांच्याच नेटवर, त्यांच्याच कॉम्प्युटरवर करा.

३. सर्व्हरची नाडी

तक्रारीच्या वेळेलाच सर्व्हरवर शिरा आणि "टॉप" चालवा. तीन गोष्टी बघायच्या.

प्रोसेसर कोण खातंय? मायएसक्यूएल वर असेल तर पायरी ४ कडे जा. पीएचपी किंवा पायथन वर असेल तर कोडमध्येच कुठेतरी मोठी आकडेमोड किंवा लूप आहे. "डब्ल्यूए" हा आकडा मोठा असेल तर प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलाय. आणि "फ्री" चालवल्यावर स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरात दिसला, वर तो वाढतच असेल, तर मेमरी कमी पडतेय आणि बाकी सगळं त्यामुळे लंगडतंय.

चौथी शक्यता नवख्यांना चकवते: प्रोसेसर शांत, डिस्क शांत, मेमरी मोकळी, तरीही पान लटकलेलं. याचा अर्थ कोणीतरी कोणाचीतरी वाट बघतंय. एक तर डेटाबेसमधलं कुलूप, नाहीतर बाहेरची सेवा. बिल सेव्ह करतानाच एसएमएस पाठवायचा, त्याच दमात ई-वे बिल काढायचं, असा कोड असतो. समोरची सेवा दहा सेकंद घेत असेल तर तुमचं बिलही दहा सेकंद घेणार. पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमचा लॉगही याच वेळी बघून घ्या. त्यात "मॅक्स चिल्ड्रन" गाठल्याची ओळ असेल तर नव्या रिक्वेस्ट दारातच ताटकळत आहेत.

४. स्लो क्वेरी लॉग चालू करा

या पायरीवर घाई करू नका.

जास्त वेळ घेणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद ठेवणारा हा लॉग मायएसक्यूएलमध्ये मुळात बंद असतो. आणि नुसता चालू केला तरी १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारी क्वेरीच त्यात उतरते, कारण "लाँग क्वेरी टाइम"चं मूळ मूल्य १० आहे. आपल्या ॲपमधली बहुतेक दुखणी एक-दोन सेकंदांची असतात, ती त्यात कधीच दिसणार नाहीत. सुरुवातीला ते १ वर आणा, मोठे मासे सापडले की आणखी खाली, ०.२ पर्यंत.

इथे एक खाच आहे. "सेट ग्लोबल"नं हे मूल्य बदललं तर ते नव्या कनेक्शनलाच लागू होतं. आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं जुनेच १० सेकंद धरून बसतात. तुमचं ॲप कनेक्शन पूल वापरत असेल, म्हणजे तीच उघडी कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरत असेल, तर लॉग रिकामाच राहतो आणि माणूस समजतो की डेटाबेस निर्दोष आहे. म्हणून बदलानंतर ॲपची प्रोसेसही रीस्टार्ट करा. शिवाय असा बदल डेटाबेस रीस्टार्ट झाला की पुसला जातो. टिकवायचा असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, किंवा मायएसक्यूएल ८ असेल तर "सेट पर्सिस्ट" वापरा.

कामाचा एक पूर्ण दिवस लॉग साचू द्या, त्यात गर्दीची वेळ यायलाच हवी. मग उघडा. प्रत्येक नोंदीत क्वेरीला लागलेला वेळ, कुलपासाठी गेलेला वेळ, पाठवलेल्या ओळी आणि तपासलेल्या ओळी असतात. शेवटच्या दोन आकड्यांतली तफावत बघा. ४० ओळी देण्यासाठी ६ लाख ओळी तपासल्या असतील, तर तुम्हाला हवी ती क्वेरी सापडली.

लॉग मोठा असेल तर डोळ्यांनी वाचत बसू नका. मायएसक्यूएलसोबत येणारं "मायएसक्यूएलडम्पस्लो" किंवा पर्कोना टूलकिटमधलं "पीटी-क्वेरी-डायजेस्ट" सारख्या क्वेऱ्या एकत्र करून दाखवतं. पण क्रम सरासरी वेळेवर लावू नका, एकूण वेळेवर लावा. दिवसातून दोनदा चालणारा नऊ सेकंदांचा रिपोर्ट दिवसाचे १८ सेकंद खातो. ०.०५ सेकंदाची क्वेरी दिवसात २०,००० वेळा चालत असेल तर ती १००० सेकंद खाते. दुसरी तुमच्या नजरेत भरणार नाही, पण सर्व्हरला घाम तिनंच फोडलेला असतो. ही दुसऱ्या प्रकारची क्वेरी पकडायची तर "लाँग क्वेरी टाइम" थोडा वेळ शून्यावर आणावा लागतो. तेव्हा फाइल झपाट्यानं फुगते, त्यामुळे अर्धा तासच ठेवा आणि डिस्कवर लक्ष असू द्या.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी "पीजी स्टॅट स्टेटमेंट्स" हे एक्स्टेन्शन सगळ्यात सोयीचं, पण ते बसवायला डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो. तो रविवारी करा. तोवर "लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट"वर भागवा.

५. एक्स्प्लेन वाचायला शिका

पकडलेल्या क्वेरीच्या आधी "एक्स्प्लेन" लिहून ती चाचणीच्या प्रतीवर चालवा. डेटाबेस ती क्वेरी कशी सोडवणार ते त्यातून दिसतं. समजा टॉवेलच्या होलसेल व्यापाऱ्याचं ॲप आहे, बिलांच्या टेबलात सहा लाख ओळी आहेत आणि एका पार्टीचा एका आर्थिक वर्षाचा खातेउतारा तारखेच्या क्रमानं हवाय. उत्तर असं दिसेल: "टाइप"खाली "ऑल", "की"खाली "नल", तपासायच्या ओळींचा अंदाज सहा लाखांच्या आसपास, आणि शेवटी "युजिंग फाइलसॉर्ट". म्हणजे इंडेक्स (हव्या त्या ओळींपर्यंत थेट नेणारी सूची) नाही, टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जाणार, आणि सापडलेल्या ओळी पुन्हा क्रमानं लावाव्या लागणार.

आता पार्टीचा आयडी आणि बिलाची तारीख या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स करा, याच क्रमानं. एक्स्प्लेन पुन्हा चालवा. "टाइप" आता "रेंज" झालेला असेल, ओळींचा अंदाज त्या पार्टीच्या बिलांएवढा उतरलेला असेल आणि फाइलसॉर्ट गेलेला असेल, कारण इंडेक्समध्ये तारखा आधीच क्रमानं आहेत.

क्रम का महत्त्वाचा? जुनी खातेवही आठवा. त्यात आधी पार्टीचं पान आणि त्या पानावर तारखेनुसार नोंदी. पार्टीचं नाव माहीत असेल तर लगेच पान उघडता येतं. पण "१५ ऑगस्टला सगळ्या पार्ट्यांची मिळून किती बिलं झाली" असं कोणी विचारलं तर प्रत्येक पान उलटावं लागतं. दोन रकान्यांचा इंडेक्सही डावीकडच्या रकान्यापासूनच उपयोगी पडतो.

इंडेक्स असूनही "की"खाली "नल" दिसत असेल, तर या जागा तपासा. आपल्याकडच्या ॲपमध्ये मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

- तारखेच्या रकान्याभोवती फंक्शन. "इयर"मध्ये रकाना गुंडाळून २०२४ शी तुलना केली की साधा इंडेक्स निकामी होतो. त्याऐवजी १ एप्रिल २०२४ किंवा नंतरची आणि १ एप्रिल २०२५ च्या आधीची तारीख, अशी अट लिहा. आर्थिक वर्षाला तीच योग्यही आहे.
- मोबाइल नंबर. रकाना मजकुराच्या प्रकारचा, आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतल्या मजकुराचं संख्येत रूपांतर करत बसतं आणि इंडेक्स बाजूला राहतो. दोन अवतरणचिन्हांनी सुटणारं हे दुखणं आहे.
- सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह असलेला "लाइक". नावाच्या मधलं अक्षर शोधायला साधा इंडेक्स उपयोगाचा नाही. नावाच्या सुरुवातीपासून शोध ठेवा किंवा फुल-टेक्स्ट इंडेक्स करा.
- जुनं टेबल यूटीएफ८ मध्ये, नंतर मराठी-कन्नड नावं आणि इमोजीसाठी केलेलं नवं टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये, आणि दोन्हींचा जॉइन (जोडणी) मजकुराच्या रकान्यावर. वर्णसंच वेगळे पडल्यानं इंडेक्स वापरला न जाण्याची शक्यता असते. दोन्ही टेबलं यूटीएफ८एमबी४ वर आणा.

ओळींचा आकडा हा अंदाज असतो. तो फारच विचित्र वाटला तर "अॅनालाइझ टेबल" चालवून आकडेवारी ताजी करा. मायएसक्यूएल ८.०.१८ पासून "एक्स्प्लेन अॅनालाइझ" आहे, ते क्वेरी खरोखर चालवून खरा वेळ देतं. पोस्टग्रेसमध्येही ते आहे, पण तिथे "डिलीट" किंवा "अपडेट"च्या आधी लावलं तर ओळी खरंच पुसल्या किंवा बदलल्या जातात. आधी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू करा आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे बदल रद्द होतात.

चालू सर्व्हरवर इंडेक्स टाकताना दुपारची वेळ कधीही निवडू नका. इनोडीबी (मायएसक्यूएलमध्ये टेबलं साठवणारा भाग) इंडेक्स बनवत असताना टेबल सहसा वापरता येतं. पण कोणाचं जुनं ट्रान्झॅक्शन त्या टेबलावर उघडं राहिलेलं असेल, तर तुमचा "आल्टर" (इंडेक्स टाकणारी कमांड) अडकतो आणि त्याच्या मागे ते टेबल मागणारा प्रत्येकजण रांगेत उभा राहतो. प्रोसेसलिस्टमध्ये (चालू क्वेऱ्यांच्या यादीत) "वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक" दिसलं तर "आल्टर" ताबडतोब मारा आणि रात्री करा. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स "कन्करंटली" बनवा, म्हणजे टेबलात लिहिणं अडत नाही. आणि प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाकत सुटू नका, प्रत्येक नोंद सेव्ह होताना ते सगळे अद्ययावत करावे लागतात.

६. छोट्या क्वेऱ्यांची झुंबड

कधी कधी एकही क्वेरी स्लो नसते, तरी पान स्लो असतं. ऑर्डरच्या यादीत ५० ओळी. यादीची एक क्वेरी, मग प्रत्येक ऑर्डरसाठी पार्टीचं नाव आणायला एक आणि ट्रान्सपोर्टचं नाव आणायला एक. झाल्या १०१. याला एन प्लस वन म्हणतात. ॲप आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर हे लपून जातं. पण ॲप एका देशात आणि डेटाबेस दुसऱ्या देशात, एका फेरीला १२० मिलिसेकंद, असं असेल तर नुसत्या येण्याजाण्यात १२ सेकंद गेले.

ॲप लॅराव्हेलमध्ये (पीएचपीचा तयार ढाचा) असेल तर डीबगबार, जँगोमध्ये (पायथनचा) असेल तर डीबग टूलबार बसवा, एका पानाला किती क्वेऱ्या लागतात ते लगेच दिसतं. उपाय लॅराव्हेलमध्ये "विथ", जँगोमध्ये "सिलेक्ट रिलेटेड" आणि "प्रीफेच रिलेटेड". ही टूलबार चालू सर्व्हरवर कधीही उघडी ठेवू नका, ती आतली सगळी माहिती चव्हाट्यावर मांडते.

७. कुलपं

गर्दीच्याच वेळी अडकणाऱ्या ॲपचा खरा गुन्हेगार बहुधा इथे सापडतो. "शो फुल प्रोसेसलिस्ट" चालवा आणि "सिस" स्कीमातला "इनोडीबी लॉक वेट्स" हा व्ह्यू बघा. कोण थांबलंय आणि कोणामुळे थांबलंय, दोन्ही दिसतं. अडवणाऱ्याच्या क्वेरीची जागा रिकामी दिसली तर नीट लक्ष द्या: त्या कनेक्शननं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलंय आणि ॲप दुसरंच काहीतरी करत बसलंय. इनोडीबी ओळीच्या कुलपासाठी मुळात ५० सेकंद थांबतं आणि मग एरर देतं, म्हणून लोकांना "एक मिनिट लटकतं आणि मग जातं" असा अनुभव येतो.

बिलिंगच्या ॲपमध्ये ठरलेली जागा म्हणजे बिल नंबर. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाला सलग क्रमांक लागतो. ऑटो इन्क्रिमेंटमध्ये रोलबॅक झाला की नंबर गळतो, म्हणून बरेचजण "पुढचा नंबर" ठेवणारी एक वेगळी ओळ करतात. ते बरोबर आहे. चूक होते ती क्रमात: ट्रान्झॅक्शन सुरू, लगेच नंबर घेतला, मग बिलातल्या ओळी, मग स्टॉक, मग ई-वे बिलाची सेवा, मग एसएमएस, आणि शेवटी कमिट (सगळं पक्कं). इतका वेळ ती एकच ओळ कुलपात, आणि मार्चअखेरच्या गर्दीत सगळे काउंटर तिच्यामागे उभे. नंबर घेण्याचं काम कमिटच्या अगदी आधी आणा. बाहेरच्या सेवा कमिटनंतर क्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाका. पंधरा-वीस ओळींचा बदल आहे, पण काउंटरवरची रांग मोकळी होते.

८. मेमरी आणि कनेक्शन

"इनोडीबी बफर पूल साइझ", म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवायला दिलेली जागा, बघा. मूळ मूल्य १२८ एमबी आहे, आणि आठ जीबीच्या सर्व्हरवरही कोणी बदललेलं नसतं. फक्त डेटाबेससाठीच असलेल्या मशीनवर ते मेमरीच्या ८० टक्क्यांपर्यंत नेता येतं. त्याच मशीनवर पीएचपीही असेल तर निम्म्याच्या आतच थांबा, नाहीतर स्वॅप सुरू होईल.

"टू मेनी कनेक्शन्स" आलं की १५१ ची मूळ मर्यादा ५०० करण्याचा मोह होतो. कनेक्शन साचतायत कारण क्वेऱ्या वेळेवर संपत नाहीत. मर्यादा वाढवली तर मेमरीही संपेल. आधी पायरी ४ ते ७ पुन्हा बघा.

जुन्या लेखांत "क्वेरी कॅश (क्वेरीची उत्तरं साठवून ठेवणारी जागा) वाढवा" असा सल्ला सापडेल. मायएसक्यूएल ८ मधून क्वेरी कॅश काढून टाकला आहे. ते सेटिंग कॉन्फिग फाइलमध्ये घातलंत तर डेटाबेस सुरूच होणार नाही.

९. एका वेळी एकच बदल, मग मोजणी

इंडेक्स टाकला, बफर पूल वाढवला आणि कोडही बदलला, तर फरक कशानं पडला हे कळत नाही, आणि काही बिघडलं तर काय मागे घ्यायचं तेही कळत नाही. क्वेरी पहिल्यांदा चालवताना डेटा डिस्कवरून येतो, दुसऱ्यांदा मेमरीतून. म्हणून तीच क्वेरी लागोपाठ चार-पाच वेळा चालवा आणि पहिला आकडा वेगळा लिहा. सरासरीवर विसंबू नका. शंभरातल्या पंच्याण्णव रिक्वेस्ट किती वेळात संपतात ते बघा, कारण मालकाला फोन करायला लावणारा माणूस उरलेल्या पाचांत असतो.

गर्दी उभी करून बघायची असेल तर के६ किंवा जेमीटर वापरा, पण चाचणीच्या प्रतीवरच, आणि त्या प्रतीत खऱ्याएवढाच डेटा असू द्या. शंभर ओळींच्या टेबलावर कोणतीही क्वेरी वेगवान असते. पंढरपूरच्या एखाद्या भक्तनिवासाचं बुकिंग ॲप तुमच्याकडे असेल तर ही चाचणी आषाढीच्या महिनाभर आधी करा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

१०. सर्व्हर खरंच कधी वाढवायचा, आणि काम कसं सोपवायचं

क्वेऱ्यांना इंडेक्स आहेत, झुंबड संपली, कुलपं सुटली, बफर पूल नीट आहे, आणि तरीही गर्दीत प्रोसेसर तासभर भरलेला राहतो किंवा रोज वापरातला डेटा मेमरीत मावत नाही. अशा वेळी मोठा सर्व्हर सुचवा, आणि सोबत शीटवरचे आकडे द्या. भाडं का वाढतंय हे मालकाला कळलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे.

स्लो क्वेरी लॉग एक सेकंदावर कायम चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. त्याला लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइल बाजूला करणारं साधन) लावा. फाइल हलवल्यानंतर "फ्लश स्लो लॉग्ज" चालवायला लागतं, नाहीतर मायएसक्यूएल हलवलेल्या जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतं आणि नवी फाइल रिकामी दिसते.